पश्चिमेचा बांध

बंगळुरू,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय यशोधराताई,
सप्रेम जय भीम.

फोन न करता पत्र लिहितोय. मागच्या वेळी तू म्हणाली होतीस, "फोनवर तू हो-हो करतोस आणि मागं तुझा संगणक टकटकत असतो. कामाचं असेल तर कागदावर लिही." कामाचंच आहे.

बिनचालकाच्या ट्रॅक्टरसाठी माझी किती वर्षं गेली ते तुला माहीत आहे. माझ्या लग्नात तूच मला त्याच्या नावानं उखाणा घ्यायला लावला होतास. तेव्हापासून त्याच्यावर निबंध झाले, परिषदा झाल्या, संचालक आले आणि गेले. पण खऱ्या शेतकऱ्याच्या रानात त्यानं एकही हंगाम काढलेला नाही. संस्थेच्या रानात तो चालतो, पण ते रान कॅरमच्या बोर्डासारखं आहे. आता समितीनं सांगितलंय की या रब्बीत बाहेरच्या शेतात पेरणी आणि कोळपणी करून दाखवा, नाहीतर मार्चअखेर प्रकल्प बंद. मग मला प्रशिक्षण विभागात बसवतील. तिथं दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना प्रमाणपत्रं वाटतात. मी थकलोय ताई, पण अजून तेवढा नाही.

आपलं रान मिळेल का? ते मायच्या नावावर आहे, पण माय पुतणीशिवाय, म्हणजे तुझ्याशिवाय, कुणाचं ऐकत नाही. मला इथून हलता येणार नाही. माझी सहकारी स्वप्ना यंत्र घेऊन येईल.

पद्धत सोपी आहे. ज्याचं शेत त्यानं एक काठी हातात धरून कडेकडेनं फेरी मारायची. काठीच्या टोकाला उपग्रहांकडून जागा विचारून घेणारी डबी असते. पायांनी जी रेघ ओढली तिच्या आतलं ते शेत, एवढंच यंत्राला कळतं. नकाशा नको, लिहिता-वाचता यायला नको. यंत्रातलं बाकी सगळं इकडून-तिकडून घेतलेलं आहे, ही एक कल्पना तेवढी माझी आहे. फेरी मायनं मारावी. त्या रानाची तिच्याइतकी ओळख कुणाला आहे?

मार्चचं मात्र तिला सांगू नकोस.

तुझा,
जीवन


पाटोदा,
२२ ऑगस्ट २०२४

चि. जीवन यास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमन बद्रीनाथनं ते देताना विचारलं, "म्याडम, कोर्टाचं हाय का?" हल्ली हातानं लिहिलेला लिफाफा दिसला की माणसं खालच्या आवाजात बोलतात.

तुझ्या यंत्राला मी नाव ठेवलं आहे: निःसारथी. वर्गात मुलांना विग्रह करायला दिला. एका विद्वानानं "ज्याचा सारथी निःशुल्क आहे तो" असा केला. मी अर्धा गुण दिला. तीस वर्षं संस्कृत शिकवते आहे, जीवन. नवीन माणसाला आडनाव सांगितलं की अजूनही तो म्हणतो, "म्हणजे पाली का?" त्यामुळे अर्धं समजणाऱ्यांबद्दल मला ममत्व आहे.

रविवारी गावी गेले होते. काकी भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. म्हटलं, "काकी, जीवनचा बिनमाणसाचा ट्रॅक्टर आपल्या रानात येणार आहे."

"बिनमाणसाचा? मंग शिव्या कुणाला द्यायच्या?"

"जीवनला."

"त्येला तर घरी बसूनबी देता येतेत. त्यो येणार हाय का?"

"नाही. यंत्र येणार."

काकीनं दोन-तीन शेंगा सोलल्या, खाल्ल्या. मग म्हणाली, "येऊ दे. त्याच्या मायला बिनपोराची सवय हाय, रानाला बिनमाणसाची व्हईल." हे वाक्य तुला जसंच्या तसं पाठवते. मार्चचं तिला सांगितलं नाही. तू काय लपवतोस ते तिला कळणार नाही, असं मात्र समजू नकोस.

विठ्ठलरावांच्याही कानावर घातलं, कारण पश्चिमेचा बांध त्यांच्याशी आहे आणि त्यांच्या रानाकडे न बघता आपल्या रानात काही होऊ शकत नाही. लिंबाखाली बाजेवर पडून होते. वय झालं, गुडघे गेले, चेअरमनकी गेली. आवाज तेवढा राहिला. म्हणाले, "करा की यशोधराबाई. आमची काय हरकत?" आपल्याच रानात पेरायला मी हरकत विचारली होती का, हे मला परतताना एसटीत सुचलं. मला उत्तरं नेहमी एसटीतच सुचतात.

रान मिळालं, असं समज.

तुझी,
ताई


पाटोदा,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. जीवन,

निःसारथी आला, पेरून झाला, आणि सध्या काकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेळ्यांच्या शेजारी उभा आहे. शेळ्यांनी त्याची एक वायर चाखली. स्वप्नानं ती बदलली आणि आता शेडला जाळी लावली आहे. मुलगी कामाची आहे. नगरकडची असूनही आपल्या भाकरीला नावं ठेवत नाही.

फेरीचा दिवस सांगते. काकीनं इस्त्रीचं लुगडं नेसलं. स्वप्ना म्हणाली, "आजी, रोज चालता तसं चाला. घाई नको." काकी म्हणाली, "घाई करायचं वय हाय का माझं?" काठी धरून निघाली. मध्ये एकदा थांबली, काठी स्वप्नाच्या हातात दिली, कुंद्याच्या तणाचं एक रोप उपटलं, पुन्हा निघाली. स्वप्ना मला म्हणाली, "सर म्हणतात ते बरोबर आहे. यांच्या पायांना शेत पाठ आहे." मी मान डोलावली. पाठांतरावर माझाही पूर्वापार विश्वास आहे.

पेरणीला अर्धं गाव आलं होतं. यंत्र आपोआप वळलं तेव्हा शेजारच्या मंगलनं टाळी वाजवली. तिच्या नवऱ्याला अजून बैल वळवता येत नाहीत. गावातला टवाळ बजरंग मध्येच यंत्रापुढं जाऊन उभा राहिला. यंत्र थांबलं. तो बाजूला झाला, ते निघालं. तो पुन्हा उभा राहिला. असं चालू राहिलं तेव्हा काकी ओरडली, "मेल्या, त्येला लाज हाय म्हून थांबतंय! तुला न्हाई!" विठ्ठलरावांनी बाज उचलून बांधाजवळ आणून ठेवायला लावली होती. दिवसभर बघत होते. निघताना म्हणाले, "चांगलं हाय. आमच्या अंगाला येत न्हाई." मला वाटलं, कौतुक केलं.

ज्वारीची तासं मात्र अशी सरळ पडली आहेत की काकी रोज उगाच एकदा बघून येते. म्हणते, "जीवनचं अक्षर असं कधी आलं न्हाई."

तुला यायला हवं होतं, असं लिहिणार नाही. लिहून झालं.

तुझी,
ताई


बंगळुरू,
१ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

समिती येऊन गेली, हे तुला गावातून कळलंच असेल. त्यांचा अभिप्राय पंधरवड्यापूर्वी मिळाला. पेरणी उत्तम, कोळपणी समाधानकारक. पुढं लिहिलंय: "पश्चिम सीमेलगत सलग पट्टी बिनपेरलेली. यंत्र कडेचे क्षेत्र सोडते. दोष दूर करून मार्चपूर्वी पुन्हा दाखवावे, अन्यथा प्रकल्प समाप्त समजावा."

त्यांनी जमिनीच्या नकाशाशी ताडून पाहिलं. पट्टी आहे. त्याच रानात मी अख्खं बालपण काढलं, आणि फोटो बघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून यंत्राच्या मागं आहे. यंत्र जिथून चाललं ती रेघ आणि मायच्या फेरीची रेघ तंतोतंत जुळतात. याचा अर्थ एकच. फेरीच्या वेळी आणि पेरणीच्या वेळी, दोन्ही वेळा उपग्रहांकडून चुकीची जागा मिळाली. पश्चिमेच्या बांधावर बाभळी आहेत. झाडाखाली डबीला आकाश नीट दिसत नाही, तेव्हा असं होतं. त्यावर उपाय बसवतोय. झाडांची ओळ दिसली की यंत्रानं रेघ स्वतःहून बाहेर सरकवायची.

स्वप्नाला वाटतं, फेरी पुन्हा मारून बघावी. मी नको म्हटलं. माय चालली म्हणजे ती रेघ बरोबरच असणार. मायच्या पायांत दोष निघाला तर माझ्या कल्पनेत उरलं काय?

झोप कमी झालीय. चहा वाढलाय. तू यावर काही बोलू नकोस.

तुझा,
जीवन


पाटोदा,
१५ डिसेंबर २०२४

चि. जीवन,

बोलत नाही. लिहिते.

तुझ्या बाभळींचा विचार केला. न्यायशास्त्र मी परीक्षेपुरतं वाचलं होतं, पण धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असं म्हणायच्या आधी, जिथं आग नाही तिथं धूर नाही ना, हेही बघावं लागतं. तर मी बघून आले. आपल्या पूर्वेच्या बांधावर लिंबं आहेत. बाभळींपेक्षा दाट. तिथं तुझ्या यंत्रानं अगदी बुंध्यापर्यंत पेरलं आहे. ज्वारी लिंबांना टेकून उभी आहे. उत्तरेला ओढा, तिथंही काठापर्यंत. दक्षिणेला मंगलच्या दिराचं रान, तिथं तर तासाचं टोक बांध खरवडून आलंय. सोडली आहे ती फक्त पश्चिम.

मग तुझ्या उपग्रहांना एकट्या बाभळीचंच वावडं का?

आणखी एक. त्या पट्टीवर गवत चांगलं माजलंय, पण शेंडे गेलेले. ते कापलेलं नव्हतं, खाल्लेलं होतं. विठ्ठलरावांच्या बैलांना आपल्या रानातला तेवढा भाग दरवर्षी बरोबर सापडतो. भाड्याचा ट्रॅक्टर लावायचो तेव्हाही सापडायचा. तूच सांग, त्या भाड्याच्या ट्रॅक्टरवर डबी होती का?

मी यंत्रातलं काही जाणत नाही. म्हणून फक्त प्रश्न विचारते. ही शिक्षकांची जुनी खोड आहे.

काकीचा खोकला बरा आहे. तू पाठवलेली शाल तिनं शेळीच्या पिलाला पांघरली होती. ओरडू नकोस, थंडी फार होती आणि पिलू तिच्याजवळ होतं.

तुझी,
ताई


बंगळुरू,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नांना उत्तर द्यायला वेळ झाला नाही. खरं सांगायचं तर द्यायचं नव्हतं.

बाभळीचा उपाय तयार झाला होता. परवा संस्थेच्या रानात चाचणी घेतली. कडेला सुरूची झाडं आहेत. यंत्रानं ती ओळखली, मी शिकवलं होतं तशी रेघ बाहेर सरकवली, आणि मेंदीचं कुंपण मोडून संचालकांच्या अंगणात शिरलं. तिथं त्यांच्या सासूबाई ऊन खात बसल्या होत्या. त्या दिसल्यावर थांबलं. तेवढंच एक काम ठरल्याप्रमाणे झालं.

म्हणजे झाडांचा दोष नव्हता. उपग्रहांचाही नव्हता. आता मला काहीच सुचत नाही. मार्चला किती दिवस उरलेत ते मोजायचं सोडून दिलंय. काल प्रशिक्षण विभागाचा प्रमुख जिन्यात भेटला. म्हणाला, "तुमच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवलीय." चांगला माणूस आहे. मला त्याचा राग येतो.

ताई, तू मायला काही विचारलं आहेस का? विचारलं नसशील तर विचारू नकोस.

तुझा,
जीवन


पाटोदा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. जीवन,

तुझं पत्र येण्याआधीच विचारलं होतं. तू नको म्हणशील हे ठाऊक होतं, म्हणून पत्राची वाट पाहिली नाही.

ज्वारीत पाखरं हाकत होतो. मी काही आडून विचारलं नाही. म्हटलं, "काकी, फेरीच्या दिवशी तू विठ्ठलरावांच्या अंगानं बांधावरून का नाही चाललीस?"

"कावून इचारायलीस?"

"तेवढी पट्टी राहिली पेरायची."

"ती कुठं पेरायची असती?"

"आपलीच आहे ना?"

"आपलीच हाय. न्हाई कोण म्हनलं?" तिला माझा प्रश्नच कळेना. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "हे बघ यशोधरा. मी लगीन होऊन आले तवा सासूनं पयल्या दिशी रान दाखवलं. म्हनली, इकडं लिंबापस्तोर जा, तिकडं वढ्यात उतर, पर त्या अंगाला दोन हात सोडून चालायचं. बांधाला पाय लागला की बोलणं येतंय. एक डाव आपल्या म्हशीनं तिथलं गवत खाल्लं, तर मामंजीला चावडीवर दिसभर उभं केलतं. उन्हात. तवाधरनं आमी न्हाई जात."

"आता कोण उभं करणार आहे, काकी?"

"कुणीच न्हाई. विठ्ठलराव लई चांगला माणूस हाय. गेल्या साली माझ्या दवाखान्याला गाडी दिली त्यानं." आणि मग, "पाय तिकडं जातच न्हाईत बाई. मी काय मुद्दाम करते व्हय?"

जीवन, तुझं यंत्र निर्दोष आहे. माणूस चालला तसं ते चाललं. तुझ्या सबंध संस्थेत एवढं आज्ञाधारक कुणी नसेल.

हे समितीला कसं सांगायचं ते तू ठरव. एक विनंती आहे, मोठी बहीण म्हणून. "मानवी चूक" असा शब्द तुमच्या कागदांत असतो, मी पेपरात वाचते. तो काकीसाठी वापरू नकोस. चूक करणाऱ्याला दुसरा रस्ता ठाऊक असावा लागतो.

तुला हसू येईल असं काही लिहायचं होतं. आज नाही जमत.

तुझी,
ताई


बंगळुरू,
३० मार्च २०२५

प्रिय ताई,

तू गेवराईला बोर्डाच्या परीक्षेच्या कामावर होतीस तेव्हा मी गावी येऊन गेलो. कळवलं नव्हतं. माय तुला बोललीच असेल. पण जे तिलाही माहीत नाही ते लिहितो.

ज्वारी निघाली होती, रान मोकळं होतं. समितीसाठी कडेपर्यंत नांगरून दाखवायचं होतं. मायला पुन्हा चाल म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून काठी मी घेतली. सकाळची वेळ होती. स्वप्ना शेडजवळ संगणक घेऊन बसली होती. लिंबं, ओढा, दक्षिणेचा बांध, मग पश्चिम. मनात ठरवलंच होतं, कडेनं जायचं. फेरी पुरी करून आलो तेव्हा स्वप्ना संगणकावर वाकलेली होती. पडदा माझ्याकडे फिरवला. मायची रेघ निळी होती, माझी लाल. पश्चिमेला लाल रेघ दिसतच नव्हती. निळीच्या खाली गेली होती.

ती म्हणाली, "सर, तुम्ही पण कडेनं नाही चाललात."

मी म्हटलं, "चाललो की."

मला वाटलं होतं मी कडेनंच चाललो, ताई. मला कुणी चावडीवर उभं केलं नाही. मला ती म्हशीची गोष्टसुद्धा तुझ्या पत्रातून कळली.

पुन्हा गेलो. या वेळी पायांकडे बघत. बाजेवरून विठ्ठलराव म्हणाले, "या की वर, डॉक्टरसाहेब. बांधावरनं चाला. आपलंच हाय." मोठ्या मनानं म्हणाले. मी चढलो. आपल्याच बांधावर त्यांच्या परवानगीनं चढलो, आणि "थँक्यू" म्हटलं. त्या थँक्यूनं मला अजून झोप येत नाही.

यंत्रानं पट्टी नांगरली. कडेपर्यंत. दोष नव्हता, तो दूर झाला.

समितीपुढं परवा उभा राहिलो. त्यांनी विचारलं, पहिल्या वेळी काय झालं होतं? अध्यक्षांनी स्वतःच वाट दाखवली: "सीमा नोंदवणाऱ्या व्यक्तीची चूक, असं लिहा. नाव लिहा. प्रकल्प पुढं नेऊ." मी मायची आणि माझी, दोन्ही रेघा त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, चूक नाही, ही शिकवण आहे. माझी पद्धत माणसाचं शेत विचारते आणि माणूस त्याला जेवढं मिळू दिलं तेवढंच सांगतो. देशात अशी रानं किती असतील ते मला माहीत नाही. मला आणखी दोन वर्षं द्या. एकजण म्हणाले, हा सामाजिक विषय झाला, आपला विभाग अभियांत्रिकीचा आहे. दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्ष पुन्हा म्हणाले, "नाव लिहिता का?"

मी लिहिलं नाही.

प्रकल्प बंद झाला. एक तारखेपासून खिडकीजवळची खुर्ची. यंत्र परत न्यायला मेअखेरीस ट्रक येईल. मायला एवढंच सांग की काम संपलं.

तुझा,
जीवन


पाटोदा,
१ जून २०२५

चि. जीवन,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की उपदेश व्हायचा. उपदेश मी पगार घेऊन करते, फुकट करवत नाही.

काकीला सांगितलं, काम संपलं. ती म्हणाली, "संपलं का संपवलं?" मी सगळं सांगून टाकलं. मार्चचं, अध्यक्षांचं, नाव न लिहिल्याचं. तुझी लाल रेघही सांगितली. रागावायचं तर रागाव. तुम्ही मायलेक एकमेकांपासून लपवता आणि मधल्या मध्ये मी निरोप्या. मेघालासुद्धा एवढी कामं कुणी सांगितली नसतील.

ऐकत ऐकत काकीनं भाकरी थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "माझं नाव लिवायचं की. मला काय कुणी शाळेतून काढणार होतं?" आणि थोड्या वेळानं, "त्योबी दोन हात सोडूनच चालला?" मी हो म्हटलं. "त्येला तर मी कधीच शिकवलं न्हाई गं," म्हणाली. भाकरी तव्यावर करपली. आम्ही दोघींनी तीच खाल्ली.

काल ट्रक आला. सडकेवरच थांबला, कारण खाली उतरायला वाट नव्हती. यंत्र शेडपासून सडकेपर्यंत चालवत न्यायचं होतं, आणि सोयीची वाट पश्चिमेच्या बांधाच्या कडेकडेनंच. स्वप्ना म्हणाली, एक माणूस पुढं चालला तर ते त्याच्या मागोमाग येतं, तशी सोय आहे. मी जाते पुढं. काकी म्हणाली, "तू बस. माझ्या लेकाचं हाय, मीच घालवून येते."

शेडपासून निघाली ती सवयीच्या वाटेनं. यंत्र मागं. बांधाशी आल्यावर थांबली. यंत्रही थांबलं. मला वाटलं, दम लागला. मी जवळ जायला निघाले तोवर तिनं लुगड्याचा घोळ आवरला, बाभळीच्या बुंध्याला हात दिला आणि वर चढली. बांधाच्या माथ्यावरनं चालू लागली. खाली, अगदी कडेला घासून, तुझं यंत्र. यंत्रात काही नोंद होत नव्हती. स्वप्नानं मला तसं सांगितलं, आणि काकीला ते सकाळीच सांगून झालं होतं.

विठ्ठलराव बाजेवर उठून बसले. काकी त्यांच्या अगदी समोरून जात होती. सबंध आयुष्यात तिला इतक्या उंचावर त्यांनी कधी बघितलं नसणार. माणूस वाईट नाही, जीवन. काळजीनंच म्हणाले, "सरूबाई, खालून चाला की. वर काटे हायेत."

"पायात चप्पल हाय," काकी म्हणाली, आणि सडकेपर्यंत खाली उतरली नाही.

तुझी,
ताई